मनी प्लांटचं पान पिवळं पडलं? पाणी घालायच्या आधी कुंडीत बोट घालून बघा

लालबागच्या चाळीतून कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा आईनं गॅलरीतल्या मनी प्लांटची कुंडी माझ्या हातात दिली होती. चांगला चार वर्षांचा वेल होता. पहिल्याच पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, त्याची खालची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. मग वाटलं खत हवं असेल, म्हणून मूठभर खत घातलं. कुणीतरी चहाचा चोथा घालायला सांगितला, तोही घातला. ऑगस्टमध्ये कुंडी उपडी केली तर मातीला गटारासारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत उरला नुसता दोरा. शेंड्याकडचे तीन तुकडे तेवढे वाचले. आज माझ्याकडे सात कुंड्या आहेत, त्या सगळ्या त्या तीन तुकड्यांपासून झालेल्या.

त्या जुलैत हे सगळं मला कुणी क्रमानं सांगितलं असतं तर आईची कुंडी वाचली असती. म्हणून इथं क्रमानंच लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच माहीत असू द्या. मनी प्लांट हा अळूच्या कुळातला वेल आहे आणि मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा. उष्ण, दमट, झाडांच्या सावलीतली हवा त्याला लागते. म्हणजे मुंबईची हवा त्याला घरच्यासारखीच आहे. इथं थंडीनं तो कधी मरत नाही. त्यामुळे पान बिघडलं की कारण जवळपास नेहमी कुंडीत, खिडकीत किंवा आपल्या हातात सापडतं.

हाताशी काय ठेवायचं

- भिंग. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो
- आइसक्रीमची लाकडी काडी किंवा बांबूची सळई
- एक पांढरा कागद
- धारदार कात्री आणि ती पुसायला केमिस्टकडचं स्पिरिट
- कापूस, मऊ सुती कापड, जुना टूथब्रश
- फवारणीची बाटली, कडुनिंबाचं तेल, भांडी घासायचं पातळ साबण
- जुनी वर्तमानपत्रं (कुंडी उपडी करायला लागलीच तर)

हे सगळं मिळून फार खर्चाचं नाही, निम्मं तर घरातच असतं. ओलावा मोजायचं यंत्र विकत घेऊ नका. मी घेतलं होतं. स्वस्तातलं ते यंत्र ओल्या आणि सुक्या मातीत एकच आकडा दाखवायचं. लाकडी काडी त्याहून कितीतरी भरवशाची आहे.

१. चार दिवस काहीही करू नका, फक्त एक फांदी कापून ठेवा

पिवळं पान दिसलं की हात शिवशिवतात. पण पाणी, खत, फवारणी सगळं थांबवा. चार दिवस पाणी न मिळाल्यानं मनी प्लांट मरत नाही. चार दिवस जास्तीचं पाणी मिळालं तर मात्र मरू शकतो.

या काळात एकच काम करायचं. वेलीचा सगळ्यात टवटवीत शेंडा शोधा. पान जिथं फांदीला जुळतं त्या जागेला पेर म्हणतात आणि तिथं एक तपकिरी, टोकदार कोंब दिसतो. ते हवेतलं मूळ. त्या पेराच्या खाली अर्धा इंच सोडून कात्री चालवा आणि तुकडा पाण्याच्या ग्लासात ठेवा. पेर पाण्यात बुडलं पाहिजे, पान मात्र वर राहू द्या. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधीकधी मुळं फुटतात, पण पेराशिवाय त्याचा वेल होत नाही. बरेच नवखे इथंच फसतात आणि महिनोन्‌महिने वाट बघत राहतात.

कापताना चीक हाताला लागला तर खाजतं, कच्च्या अळूनं खाजतं तसंच, कारण दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हात धुऊन टाका. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर तोडलेली पानं जमिनीवर ठेवू नका.

२. पान कुठलं बिघडलंय: जुनं की नवं?

हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि अर्धं निदान इथंच होतं. कुंडीच्या तोंडाजवळची पानं जुनी, शेंड्याकडची नवी.

खालचं एखादं जुनं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं होऊन गळलं आणि बाकी वेल उत्तम असेल, तर ते म्हातारपण आहे. तोडा आणि विसरा.

खालची पानं एकामागून एक, पूर्ण पिवळी होत असतील तर दोन शक्यता. माती ओली असेल तर मुळं गुदमरताहेत. माती ठीक असेल आणि वर्ष-दोन वर्षं खत दिलेलंच नसेल तर नत्र कमी पडतंय. नत्र झाडात फिरू शकतं, म्हणून टंचाई आली की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या राहिल्या तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. त्याला लिटरभर पाण्यात अर्धा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) पुरतं.

उलट, शेंड्याची नवी पानं पिवळट आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मुळांपासून वर पोचत नाहीये. लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही. बाटलीतलं लोह घालायची घाई करू नका. कुंडीत लोह बहुतेकदा असतं, चिकट ओल्या मातीत किंवा साठलेल्या क्षारांमुळे मुळांना ते उचलता येत नाही.

नुकतंच नर्सरीतून आणलेलं झाड असेल तर वेगळा हिशेब. ते हिरव्या जाळीखाली, भरपूर उजेडात वाढलेलं असतं. आपल्या हॉलमध्ये आलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन-चार पानं टाकतंच. तेव्हा लगेच कुंडी बदलू नका, जागाही रोज बदलू नका.

३. कुंडीत बोट घाला

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं उत्तर या पायरीवरच मिळतं, म्हणून इथं थोडं थांबते.

माती वरून सुकी दिसते आणि आत चिखल असतो. विशेषतः नर्सरीची लाल माती. ती वरून तडकते, रंग फिका पडतो, आपल्याला दया येते आणि आपण पाणी ओततो. म्हणून बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायचं. मोठी कुंडी असेल तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि केक झाला का बघतो तशी बाहेर काढून बघा. काडीला माती चिकटली आणि ती ओलसर काळपट झाली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तरच पाणी.

घोटाळा असा की पाणी जास्त झालं तरी वेल मान टाकतो आणि कमी झालं तरी मान टाकतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. हात लावल्यावर फरक कळतो. तहानलेलं पान पातळ, कागदासारखं लागतं, कडा आत वळतात, माती कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली असते आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. असं झाड भरपूर पाणी प्यायल्यावर काही तासांत उभं राहतं. जास्त पाण्यानं बिघडलेलं पान मऊ, लिबलिबीत होतं, पिवळं पडतं, कुंडी जड असते आणि मातीवर बारीक चिलटं उडत असतात. याला पाणी दिलं तर ते अजूनच पडतं.

कुंडी उचलून वजन ओळखायची सवय लावा. पाणी दिल्यावर एकदा उचला, चार दिवसांनी पुन्हा उचला. महिन्याभरात हाताला कळायला लागतं.

पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कुंडी सुकतच नाही. माझी सहा इंची कुंडी मे महिन्यात तीन दिवसांत कोरडी पडते, तीच जुलैत दहा दिवस ओली राहते. "एक दिवसाआड एक कप" असा नियम वर्षभर पाळला की जुलैत झाड जातं. नर्सरीतल्या माळीकाकांनी मला सांगितलं होतं, "ताई, वार बघून पाणी घालू नका, माती बघून घाला." ते वाक्य मी कुंड्यांच्या वर भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणखी दोन सापळे. भोक नसलेली चिनी मातीची शोभेची कुंडी: पाणी तळाशी साठतं आणि वरून काहीच कळत नाही. झाड प्लॅस्टिकच्या भोकाच्या कुंडीत ठेवा आणि ती हवी तर शोभेच्या कुंडीत उतरवा, पण पाणी देताना बाहेर काढा. दुसरा सापळा ग्रीलमधला: ग्रीलमध्ये ठेवलेल्या कुंडीवर वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी थेंब थेंब पडत राहतं. आपण पाणी दिलेलंच नसतं तरी मुळं कुजतात.

पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा टपोरा थेंब दिसतो, खाली फरशीवरही पडलेला असतो. तो रोग नाही. दमट हवेत पानातून वाफ जात नाही, म्हणून मुळांनी रात्री ओढलेलं पाणी टोकातून बाहेर येतं. थेंब रोज दिसत असेल तर मातीत ओल भरपूर आहे एवढं समजा.

४. शंका आली तर मुळं बघा

माती ओली, पानं पिवळी आणि कुंडीला आंबूस वास, हे तिन्ही जमलं तर कुंडी उपडी करायची वेळ झाली.

१. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करा, बाजूनं थोपटा आणि गोळा हलकेच बाहेर काढा. वेल धरून उपटू नका.
२. माती नळाखाली धुऊन टाका. चांगली मुळं पांढरट किंवा फिकट पिवळी, दाबली तर टणक. कुजलेली मुळं तपकिरी-काळी, मऊ, साल सुटणारी.
३. कुजलेला भाग निरोगी भागापर्यंत कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसा.
४. जितकी मुळं गेली तितकी पानंही कमी करा. अर्धी मुळं शंभर पानं पोसू शकत नाहीत.
५. नवी माती भरा: बागेची माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समान भाग, त्यात विटेचा भुगा किंवा जाड वाळू मूठ-दोन मुठी. वाळू चौपाटीवरून आणू नका, त्यात मीठ असतं. कोकोपीट आधी भिजवून पिळून घ्या.
६. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम मोठी. मोठ्या कुंडीतली रिकामी माती पाणी धरून ठेवते आणि पुन्हा तेच सुरू होतं.

नंतर महिनाभर खत नाही. सगळीच मुळं गेली असतील तर रडत बसू नका, शेंडे कापून पाण्यात ठेवा. मुंबईच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात.

५. पान उलटून बघा

कीड वरून दिसत नाही. प्रत्येक पानाची मागची बाजू, देठाची काखोटी आणि पेरं भिंगानं बघा.

कापसाचे बारीक पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. मुंबईत घरातल्या झाडांवर हाच सगळ्यात जास्त येतो. त्याच्या आधी मुंग्या नजरेला पडतात, कारण तो गोड चिकटा सोडतो. वेलीवर मुंग्यांची रांग दिसली की मुंग्या मारायच्या मागे लागू नका, पिठ्या शोधा. त्याच चिकट्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी चढते.

तपकिरी, नखानं खरवडून निघणारी टिकली म्हणजे खवले कीड. पानावर फिकट बारीक ठिपके आणि काखोटीत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे लाल कोळी. तो कोरड्या हवेत, रोज एसी चालणाऱ्या खोलीत वाढतो. खात्री करायला पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळीच.

उपाय तिन्हींवर जवळपास एकच. झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा. पिठ्या आणि खवले स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं किंवा टूथब्रशनं काढा, कोळी असेल तर पानं नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा. मग लिटरभर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब साबण घालून खूप हलवा आणि संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. आधी एकाच पानावर मारून एक दिवस थांबा. उन्हात फवारलं तर पान भाजतं. दर सात दिवसांनी, असं तीन वेळा. एकदाच फवारून सोडून दिलं तर अंडी उरतात आणि पंधरा दिवसांत सगळं परत येतं. माझ्या एका कुंडीवर पिठ्या तीनदा परत आला, कारण तिसरी फवारणी मी दर वेळी टाळत होते.

पान चकचकीत दिसावं म्हणून दूध किंवा खोबरेल लावू नका. त्यावर धूळ बसते, मुंग्या येतात. ओलं सुती कापड पुरतं. शेजारी टॉवरचं बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला पुसा. सिमेंटची धूळ पानावर बसली की उजेड आत जात नाही. कबुतरांची विष्ठा पडली तर त्याच दिवशी धुवा, नाहीतर पान जळतं.

६. तपकिरी टोकं, कडा आणि डाग

टोक तपकिरी आणि कोरडं, बाकी पान हिरवं: एकतर पाणी अनियमित, किंवा मातीत क्षार साठलेत. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसतो का बघा. महापालिकेचं तलावांचं पाणी तसं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यानं असं सहसा होत नाही. पण सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, किंवा तुम्ही प्युरिफायरच्या नळीतून वाया जाणारं क्षारांचं पाणी रोज कुंडीत घालत असाल, तर ही शंका आधी घ्या. खत जास्त झालं तरीही हेच होतं. कुंडी बाथरूममध्ये नेऊन साधं पाणी दहा मिनिटं संथपणे वाहू द्या आणि पूर्ण निथळू द्या.

पानाच्या मधोमध कोरडा, फिकट तपकिरी पट्टा: ऊन. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर हे घडतं. पांढऱ्या नक्षीच्या जातीत पांढरा भाग आधी भाजतो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतही ऊन येतं, ते विसरू नका. आणि ऑक्टोबर जपा. चार महिने ढगाळ उजेडात राहिलेली पानं पहिल्या कडक उन्हात दोन दिवसांत करपतात. सप्टेंबरच्या शेवटी कुंड्या ग्रीलमधून एक हात आत घ्या.

समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये, वरळी-वर्सोव्याकडे, पावसाळ्यातल्या खाऱ्या वाऱ्यानं कडा जळतात. वादळी वारं असेल त्या दिवशी खिडकी बंद, आणि नंतर पानं साध्या पाण्यानं धुवायची.

ओलसर काळपट डाग, भोवती पिवळं वलय आणि डाग रोज मोठा होतोय: हा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग. ते पान लगेच कापून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. पानांवर पाणी शिंपडणं बंद, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, पंख्याची हवा खेळू द्या. पावसाळ्यात पानांवर पाण्याचा फवारा मारायची मुंबईत गरजच नाही.

७. उजेड तपासा

दुपारी बारा वाजता, दिवे बंद करून, कुंडीच्या जागी कागद ठेवा आणि त्यावर हात धरा. मऊ, धूसर सावली पडली तर जागा योग्य. सावलीच पडली नाही तर उजेड कमी, आणि कडक काठांची सावली पडली तर ऊन थेट येतंय. उजेड कमी असला की पानं लहान होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, पिवळी-पांढरी नक्षी पुसून पान नुसतं हिरवं येतं. अंधाऱ्या कोपऱ्यात पाणीही निम्मंच लागतं.

८. बाटलीत लावलेला वेल असेल तर

पान फिकट पडणं इथं साहजिक आहे, नुसत्या पाण्यात अन्न कुठून मिळणार. महिन्यातून एकदा विद्राव्य खत अगदी चिमूटभर घाला. काचेच्या बाटलीत हिरवं शेवाळ धरलं तर बाटलीला कागद गुंडाळा.

पण खरी काळजी डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येतात तेव्हा मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंडीखालच्या ताटल्या आधी बघतात, ते यासाठीच. आठवड्याचा एक वार ठरवा, पाणी पूर्ण ओता, बाटली आतून घासा. नुसती भर घातली तर काचेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

९. एका वेळी एकच बदल, आणि दोरा बांधा

जागा, माती, खत आणि फवारणी एकाच रविवारी बदलली तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. एक बदल करा, तीन आठवडे थांबा. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याकडे बघून निराश होऊ नका. झाड सुधारलं का, ते नव्या पानावरून ठरवायचं.

मी उपचार सुरू करते त्या दिवशी शेंड्याकडच्या सगळ्यात नव्या पानाच्या देठाला लाल लोकर सैल बांधते. आणि रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढते.

तरीही उमगलं नाही तर बिघडलेलं एक पान आणि कुंडीतली चमचाभर माती पिशवीत घालून नर्सरीत माळीकाकांना दाखवा. फोटोपेक्षा पान हातात घेऊन त्यांना जास्त कळतं. राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरतं. तिथं विचारायला माणसंही भेटतात आणि निंबोळी पेंड, कोकोपीट, कुंड्या सगळं एका फेरीत मिळतं.

लोकरीच्या वर दोन पानं स्वच्छ, डाग नसलेली, आधीच्याइतकी मोठी आली की मग खत सुरू करा: लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत), महिन्यातून एकदा, आणि तेही ओल्या मातीत.